मृदंगाचा खर्ज आणि यंत्राची ओंजळ

आषाढ शुद्ध एकादशी आली, की चंद्रभागेच्या वाळवंटापासून महाद्वारापर्यंत सारी पंढरी नादाने भरून जाते. दिंड्या येतात, पताका डोलतात, टाळांचा खणखणाट होतो आणि त्या खणखणाटाखाली मृदंगाचा घनगंभीर ठेका चालू असतो. सभामंडपाच्या अगदी शेवटच्या खांबाशी टेकून बसलेल्या एखाद्या वृद्ध मातेस कीर्तनकाराचे शब्द नीट ऐकू येत नाहीत. परंतु मृदंगाच्या डाव्या तोंडावर पडलेली थाप तिच्या छातीत उमटते आणि तिची मान आपोआप डोलू लागते. कानांस जे गाठता येत नाही ते हृदयास गाठते, ही खर्जाची थोरवी होय.

या एकादशीपासून चातुर्मासास प्रारंभ होतो. आता गावोगावी सप्ताह बसतील, गोकुळाष्टमीचा काला होईल, पुढे गणेशोत्सव येईल. प्रत्येक मंडपात दहावीस हात मोबाइल उंच धरून कीर्तन, भजन, गजर टिपून घेतील. मुंबईपुण्यास, परगावी, परदेशी असलेल्या आप्तांना ते पाठविण्यात येईल. हेतू शुद्ध, भाव शुद्ध. परंतु घरी येऊन ऐकावे, तो काय? कीर्तनकाराचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, टाळ म्हणजे पत्र्यावर पडणाऱ्या गारा, आणि मृदंगाची ती धूम? तिच्या जागी केवळ 'फट फट' असा फाटका आवाज! ज्या नादाने मंडपात डोळे पाणावले, तोच नाद घरात कपाळावर आठी आणतो.

वाचकहो, असे का होते आणि ते कसे टाळावे, हा आजचा आमचा विषय आहे. सणाच्या दिवशी हा यंत्राचा विषय कशाला, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर आमच्याच आयुष्यातील एका प्रसंगात आहे. तो प्रथम निवेदन करतो.

हातातून निसटलेला हात

आमच्या कीर्तनास तीसहून अधिक वर्षे एकच मृदंगवादक साथ करीत असत. वयाने ते आमच्याहून पुष्कळ वडील. सारे गाव त्यांना 'आबा' म्हणे. कणीक मळून डाव्या तोंडास लावावी ती त्यांनीच. ती किंचित अधिक झाली तर नाद जड होतो, कमी झाली तर पोकळ होतो. तो तोल त्यांच्या बोटांना ठाऊक होता. आम्ही निरूपणात थांबलो, की ते केवळ एक खोल थाप देत आणि तो विराम भरून काढीत. श्रोत्यांस वाटे की बुवांनी मोठे मर्म सांगितले. वस्तुतः ते आबांच्या डाव्या हाताने सांगितलेले असे.

२००९ सालच्या कार्तिकी एकादशीस रात्री आमचे कीर्तन झाले. आबांचा नातू तेव्हा महाविद्यालयात शिकत होता. आजोबांचा हात कायमचा जतन व्हावा या भक्तीने त्याने एक लहानसे ध्वनिमुद्रणयंत्र आणले आणि ते मृदंगाच्या डाव्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवले. प्रारंभीचे संथ भजन चालू असताना त्याने यंत्राची पातळी बेताने लावली, आवाज स्पष्ट येतो याची खात्री केली आणि निश्चिंत होऊन टाळ हाती घेतला. पुढे चाळीस टाळकरी उभे राहिले, गजर चढला, आबांना रंग चढला. यंत्राकडे कोणी पाहिले नाही.

पुढची आषाढी आबांनी पाहिली नाही.

ते गेल्यानंतर महिनाभराने त्यांच्या पत्नी, आमच्या माई, ते ध्वनिमुद्रण घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "महाराज, तुमचा आवाज आहे यात, टाळही आहेत. पण यांचा हात कुठे आहे? मला तर नुसतं काहीतरी फाटल्यासारखं ऐकू येतं."

आम्ही ते दोनदा ऐकले. माई म्हणत होत्या ते खरे होते. दोन तासांच्या त्या नोंदीत आबांचा डावा हात नव्हता. त्या हाताने यंत्रावर केलेला आघात तेवढा होता. आम्ही ती नोंद आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या एका ध्वनिमुद्रक स्नेह्याकडे नेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, "शास्त्रीबुवा, जे मंद आले आहे ते मोठे करता येते, जे फाटून आले आहे ते शिवता येत नाही." त्या दिवसापासून या विषयात आम्ही त्यांचे शिष्यत्व पत्करले. पुढे जे लिहीत आहोत ते बहुतांशी त्यांच्याकडून शिकलेले आणि नंतर अनेक सप्ताहांत स्वतः पडताळून पाहिलेले आहे.

शास्त्रकारांचा मंद्र

प्रथम हा खर्ज म्हणजे काय, ते पाहू. आजची तरुण मंडळी ज्यास 'बेस' म्हणतात, त्यास आमच्या संगीतशास्त्रात मंद्र म्हटले आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, सिंघणदेवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात नादाची तीन स्थाने सांगितली आहेत: मंद्राचे स्थान हृदय, मध्याचे कंठ आणि ताराचे मस्तक. वृद्ध मातेच्या छातीत मृदंग का उमटतो, याचे वर्णन यापरते समर्पक कोणते करावे?

त्याहून पुष्कळ प्राचीन अशा भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्रा'त वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार प्रकार दिले आहेत. मृदंग हे अवनद्ध, म्हणजे चामड्याने मढविलेले वाद्य; टाळ हे घन. अवनद्ध वाद्यांच्या उत्पत्तीची कथा तेथे मोठी रम्य आहे. स्वाती नावाचे मुनी सरोवरावर पाणी आणावयास गेले असता पाऊस आला, आणि लहानमोठ्या कमलपत्रांवर पडणाऱ्या धारांचे निरनिराळे गंभीर नाद ऐकून त्यांना पुष्कर वाद्यांची कल्पना सुचली. त्याच ग्रंथात नाट्यगृह पर्वतातील गुहेसारखे असावे, त्यास लहान गवाक्षे असावीत आणि आत वारा खेळू नये, म्हणजे आवाज धीरगंभीर होतो, असेही सांगितले आहे. वास्तूचा आकार खर्ज वाढवितो ही गोष्ट त्या काळीही जाणत्यांच्या ध्यानी आली होती. हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

अर्वाचीन काळात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासह आणि पुन्हा १९३४ साली आपल्या मृदंग-तबल्यांवर निबंध प्रसिद्ध केले. साध्या ढोलाच्या चामड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. परंतु आपल्या वाद्यांवरील शाईच्या भारामुळे ते सुरेल प्रमाणात येतात, हे त्यांनी दाखविले. डाव्या तोंडावरील कणकेचा भारही चामड्याचे कंपन संथ करतो आणि नाद खाली उतरवितो. आबांच्या बोटांना जे ठाऊक होते, त्याचे गणित ते हे.

कानाची ओंजळ आणि यंत्राची ओंजळ

आता मुख्य प्रश्न. मंडपात गोड लागणारा खर्ज यंत्रात का फाटतो?

मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंतची कंपने ऐकू येतात. परंतु या सर्वांविषयी कान समदर्शी नाही. मधल्या आणि उंच स्वरांस तो तीक्ष्ण आहे, खालच्या स्वरांस मंद आहे. अमेरिकेतील फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखविले. याचा अर्थ असा, की कीर्तनकाराचा कंठ आणि मृदंगाची धूम आपल्या कानास सारख्याच मोठ्या वाटत असल्या, तरी प्रत्यक्ष हवेत धुमेची लाट कितीतरी अधिक उंच असते. कान तिला सवलत देतो. यंत्र मात्र कोणासच सवलत देत नाही. जेवढी लाट येईल तेवढी ते मोजते.

यंत्राच्या या मोजण्यास एक कमाल मर्यादा असते. आमचे स्नेही तिला 'यंत्राची ओंजळ' म्हणत. ओंजळीत मावेल तेवढे तीर्थ राहते, उरलेले सांडते. मर्यादेपेक्षा उंच लाट आली, की तिचा शेंडा सपाट कापला जातो. त्या कापलेल्या शेंड्यातून मूळ नादात नसलेले कर्कश उपस्वर जन्मास येतात. तोच तो 'फट' असा आवाज. आणि सर्वांत उंच लाट खर्जाची असल्याने ओंजळ प्रथम भरते ती खर्जाने. त्याच क्षणी त्या लाटेवर आरूढ झालेले कीर्तनकाराचे शब्दही तिच्याबरोबर कापले जातात.

पूर्वीच्या चुंबकीय फितीस ही शिक्षा एवढी कठोर नव्हती. १९६३ साली कॅसेट आली आणि पुढे घरोघरी पोहोचली. फितीवर आवाज अधिक झाला, की ती हळूहळू तृप्त होत जाई. नाद किंचित बोथट होई, पण एकदम फाटत नसे. आजच्या अंकीय यंत्रात मर्यादेच्या आत सर्व निर्मळ आणि मर्यादेपलीकडे तत्काळ नाश, असा रोखठोक व्यवहार आहे. जुन्या सवयीने पातळी काठोकाठ भरणारी अनुभवी माणसेही म्हणून येथे फसतात.

मोबाइलमध्ये आणखी एक घोटाळा असतो. पातळी आपोआप सांभाळण्याची सोय त्यात बहुधा चालू असते. मोठा आवाज येताच ती सर्व नोंद खाली दाबते आणि मग हळूहळू वर आणते. सभेत हे चालून जाते; कीर्तनात मात्र प्रत्येक थापेबरोबर शब्द बुडतो आणि पुन्हा वर येतो, जणू कोणी कीर्तनकारास नदीत बुचकळ्या देत आहे. ज्या मोबाइलमध्ये ही सोय बंद करून पातळी हाताने लावता येते, तेथे ती अवश्य बंद करावी.

यंत्र कोठे ठेवावे

खर्ज सांभाळण्याचे निम्मे काम यंत्रास हात न लावता, केवळ जागा निवडून होते. आबांच्या नातवाची पहिली चूक येथेच झाली.

पहिली गोष्ट अंतराची. मोकळ्या जागेत नादापासूनचे अंतर दुप्पट केले, की पातळी सुमारे ६ डेसिबलांनी उतरते. वीतभर अंतरावरून यंत्र दोन हातांवर नेले तरी मृदंगाचा मारा पुष्कळ सौम्य होतो. शिवाय समोरचाच आवाज अधिक घेणारे जे एकदिशी मायक्रोफोन असतात, त्यांचा स्वभाव असा, की वाद्य जितके जवळ तितका खर्ज अवास्तव फुगतो. म्हणून मृदंगाच्या तोंडाशी असा मायक्रोफोन नेणे म्हणजे आधीच उधळलेल्या घोड्यास चाबूक मारणे होय.

दुसरी गोष्ट भिंतींची. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सेकंदाला १०० कंपने असलेल्या खर्जाची एक लाट त्यामुळे सुमारे साडेतीन मीटर लांब असते, तर टाळाच्या ५००० कंपनांची लाट सात सेंटिमीटरांएवढीच. एवढी लांब लाट खांबास वळसा घालून जाते, माणसांच्या गर्दीने अडत नाही आणि दगडी भिंतीवर आपटून परत फिरते. जाणारी आणि परतणारी लाट एकत्र येऊन मंडपात काही ठिकाणी खर्ज दुणावतो, काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. भिंतीलगत तो अधिक आणि कोपऱ्यात सर्वाधिक साचतो. भरतमुनींची गुहा ती हीच. म्हणून यंत्र कोपऱ्यात, भिंतीच्या कोनाड्यात किंवा देवळीत कधीही ठेवू नये. सोयीची वाटणारी ती जागाच सर्वांत वाईट. मंडपाचा अगदी मधोमध बिंदूही टाळावा, कारण तेथे काही खर्जस्वर हरवतात. कीर्तनकारासमोर, मध्यापासून थोडे बाजूस, श्रोत्यांच्या डोक्यापेक्षा उंच अशी जागा बहुधा उत्तम ठरते. कीर्तनापूर्वी मृदंग लावणे चालू असताना मंडपात चार ठिकाणी उभे राहून ऐकावे. कोठे धूम फुगते, कोठे हरवते, हे आपल्याच कानांस कळते.

तिसरी गोष्ट, कर्ण्यांच्या आणि मोठ्या ध्वनिक्षेपकांच्या तोंडासमोर यंत्र ठेवू नये. विशेषतः खर्जाचे जे मोठे खोके जमिनीवर मांडतात, त्यांच्यापासून दूर राहावे.

चौथी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. टाळकरी पावली खेळू लागले, की लाकडी व्यासपीठ हादरते. तो हादरा हवेतून येतच नाही. स्टँडच्या पायांतून थेट मायक्रोफोनमध्ये चढतो आणि प्रत्येक पावलास 'धप्' असा खोटा खर्ज नोंदला जातो. उपाय आपल्या घरचाच आहे. स्टँड व्यासपीठावर न ठेवता खाली जमिनीवर ठेवावा आणि त्याखाली घोंगडीची जाड चौघडी घालावी. उघड्या मंडपात वाराही असाच खोटा खर्ज निर्माण करतो. त्यासाठी मायक्रोफोनवर फोमची टोपी घालावी.

पातळी कशी लावावी

नातवाची दुसरी चूक अशी, की त्याने संथ भजनावर पातळी लावली. ती लावावी गजरावर. ज्या क्षणी सर्व टाळ, मृदंग आणि कंठ एकत्र उसळतात, तो क्षण गृहीत धरून यंत्राची ओंजळ मोकळी ठेवावी.

अंकीय यंत्रांवर कमाल मर्यादेस शून्य म्हणतात आणि त्याखालील पातळी उणे आकड्यांत दिसते. गजर ऐन भरात असताना काटा उणे १२ डेसिबलांच्या आसपास खेळावा. एखादी जबर थाप उणे ६ पर्यंत गेली तर चिंता नाही. उणे १२ ठेवणे म्हणजे चौपट उंचीच्या लाटेस जागा राखून ठेवणे. पूर्वतालमीत टाळकरी निम्म्या जोराने वाजवतात आणि प्रत्यक्ष रंगात दुप्पट, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. म्हणून तालमीत उणे १८ च्या पुढे जाऊ देऊ नये.

नोंद फार मंद होईल, अशी भीती बाळगू नये. १६ बिटांच्या नोंदीत सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सिद्धांततः सुमारे ९६ डेसिबलांचे असते, २४ बिटांत ते सुमारे १४४ होते. २४ बिटांची सोय असेल तर ती घ्यावी. एवढ्या प्रशस्त पात्रात काठाखाली चार बोटे ठेवली तरी काही उणे होत नाही. अलीकडे ३२ बिट फ्लोट पद्धतीची यंत्रे आली आहेत. त्यांच्या नोंदीत शेंडा कापला जाण्याची भीती जवळजवळ उरत नाही. तथापि मायक्रोफोनचे पडदेच जर अति जवळच्या थापेने हतबल झाले, तर पुढचे यंत्र कितीही थोर असो, फाटलेलेच नोंदणार.

बऱ्याच यंत्रांवर खर्ज गाळण्याची चाळणी असते. सेकंदाला ८० च्या आसपासच्या कंपनांखालील नाद ती कमी करते. वारा, पावलांचा हादरा, जनित्राची घरघर यांवर ती उपयुक्त आहे. परंतु दोन सावधगिरी हव्यात. आवाज मायक्रोफोनमध्येच किंवा त्यालगतच्या परिपथात आधीच फाटला असेल, तर पुढची चाळणी काही करू शकत नाही. आणि चाळणी फार वर चढविली तर खोट्या खर्जाबरोबर मृदंगाचा खरा खर्जही गळून जातो. आमचा नेम असा, की शक्यतो जागा बदलून खर्ज आवरावा आणि चाळणी शेवटी वापरावी.

पातळी लावताना हेडफोनवर एकट्यावर विसंबू नये. मोठ्या गजरात खर्ज हाडांतून आणि छातीतूनही आपल्यापर्यंत येतो. तो हेडफोनमधून आला की बाहेरून, हे कळेनासे होते. तेथे डोळ्यांनी काटा पाहावा. आणि पातळी लावणाऱ्याने टाळ हाती घेऊ नये! त्या रात्रीपुरती यंत्राजवळ बसणे हीच त्याची सेवा समजावी.

मिक्सरमधून घेताना

पुष्कळांस वाटते, की ध्वनिक्षेपणवाल्याच्या मिक्सरमधून थेट तार घेतली की सर्व प्रश्न मिटतात. त्यातही मेख आहे. मिक्सरमधून बाहेर पडणारा संकेत मायक्रोफोनच्या संकेताहून कितीतरी प्रबळ असतो. तो यंत्राच्या मायक्रोफोनच्या खाचेत घातला, तर पहिल्या थापेसच फाटतो. 'लाइन' म्हणून जी खाच असते तीच वापरावी. दुसरे असे, की लहान मंडपात मृदंग स्वतःच पुरेसा मोठा वाजत असल्याने ध्वनिक्षेपणवाला तो मिक्सरमध्ये कमी घेतो. परिणामी तारेतून आलेल्या नोंदीत कंठ फार मोठा आणि मृदंग हरवलेला, असे उलटे होते.

उत्तम मार्ग म्हणजे दोन्ही नोंदी घ्याव्यात: तारेतून शब्दांसाठी आणि मंडपातील मायक्रोफोनमधून मृदंग, टाळ व श्रोत्यांच्या प्रतिसादासाठी. मागाहून त्या एकत्र कराव्यात. मात्र ध्वनीस हवेतून एक मीटर यावयास सुमारे ३ मिलिसेकंद लागतात; मायक्रोफोन दहा मीटरांवर असेल तर त्याची नोंद जवळजवळ ३० मिलिसेकंदांनी मागे राहते. प्रारंभी एक खणखणीत टाळी वाजवून ठेवावी आणि जुळविताना दोन्ही टाळ्या एकावर एक आणाव्यात.

येथे एक विनंती मंडळांच्या कार्यकर्त्यांस करतो. खर्जाचे खोके जितके वाढवाल तितकी भक्ती वाढते, असे नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे, ती वृद्ध, आजारी आणि तान्ह्या लेकरांच्या रक्षणासाठी. ज्या मंडपात माणसाच्या कानास त्रास होतो, तेथे यंत्राचे कानही टिकत नाहीत.

घरी आल्यावर

मूळ नोंद जशीच्या तशी राखावी, तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि जे काही सुधारणे असेल ते तिसऱ्या प्रतीवर करावे. घरी हळू आवाजात ऐकताना खर्ज कमी वाटतो. हा नोंदीचा दोष नव्हे, वर सांगितलेला कानाचा स्वभाव आहे. आवाज जितका लहान, तितका खर्ज कानास अधिक अंतरतो. म्हणून लगेच खर्ज वाढवू नये. मोबाइलच्या इवल्याशा ध्वनिक्षेपकावरून तर निर्णय करूच नये, कारण त्यातून मृदंगाचा खर्ज निघतच नाही. चांगल्या हेडफोनवर, प्रसन्न चित्ताने, मध्यम आवाजात ऐकावे. बहुतेक वेळा खर्ज वाढविण्याऐवजी तो दोनतीन डेसिबल उतरविला, की शब्द आपोआप वर येतात आणि मृदंगही स्वच्छ होतो.

माईंचे बारा मिनिट

आबांच्या त्या नोंदीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. दोन तासांतील गजर हरपला, तो कायमचा. परंतु आमच्या स्नेह्यांनी ती नोंद प्रारंभापासून पुन्हा लक्षपूर्वक ऐकली, तेव्हा टाळकरी उभे राहण्यापूर्वीची सुमारे बारा मिनिटे शाबूत सापडली. त्यात आबा मृदंग लावीत आहेत. हातोडीचे ठोके आहेत, कणीक थोपटल्याचा आवाज आहे, मग एकेक थाप, खाली उतरत जाणारी, जुळत जाणारी, आणि अखेरीस नाद मनासारखा लागल्यावर आबांच्या तोंडून सहज निघालेले "हां, आता बरं." एवढेच. माईंनी तेवढाच भाग वेगळा करून घेतला. प्रत्येक एकादशीस फराळापूर्वी त्या तो ऐकत असत.

नातू आता स्वतः मृदंग वाजवितो. गेल्या कार्तिकीस आमच्या कीर्तनाच्या वेळी यंत्र मृदंगापासून चार हातांवर, घोंगडीच्या चौघडीवर उभे होते. पातळी गजराच्या मापाने लावली होती आणि जवळ एक मुलगा केवळ काट्यावर दृष्टी ठेवून बसला होता. रात्री आम्ही सर्वांनी ते ऐकले. शब्द शब्दाच्या जागी होता, टाळ टाळाच्या जागी, आणि आमच्या एका विरामात नातवाने दिलेली ती एकच खोल थाप पूर्ण, गोल, न फाटता आली होती. तो म्हणाला, "आजोबांची द्यायची राहिली, महाराज." आम्ही म्हणालो, "तुझी राहू नये म्हणूनच त्यांची गेली असे समज, बाळा."

आपल्या घरातही कोणी वृद्ध भजनी असतील, मृदंगावर, तबल्यावर वा ढोलकीवर ज्यांचा हात अजून चालतो. या चातुर्मासात एखाद्या सायंकाळी त्यांना वाजवावयास बसवा. यंत्र थोडे दूर ठेवा, ओंजळ थोडी रिकामी ठेवा आणि त्यांना मनसोक्त वाजवू द्या. पांडुरंग आपणां सर्वांस तो नाद ऐकण्यास श्रवण आणि सांभाळण्यास सद्‌बुद्धी देवो.